रिकाम्या गल्लीतला अभ्यास

"हात वर कर," मी म्हटलं.

साक्रीकरानं हात वर केला नाही. भिंतीला टेकून, डोळे मिटून तो भूमितीचं प्रमेय म्हणत होता, इंग्रजीत. डावा हात त्यानं अंगापासून थोडा लांब धरला होता, काखेत काहीतरी जपून ठेवल्यासारखा. ओठ सुकले होते आणि शब्द एकमेकांत घुसत होते.

"अरे, अक्का काय म्हणतात? हात वर कर," पहूरकर म्हणाला. "का उंदीर पाळलाय काखेत?"

तो आपल्याच थट्टेला हसायला लागला आणि मधेच थांबला, कारण मी साक्रीकराचं मनगट धरून हात वर उचलला होता. साक्रीकर ओरडला. मी सदरा फाकवून आत पाहिलं. काखेत गाठ होती, लिंबाएवढी, वरची कातडी ताणून चकाकत होती.

मास्तर फळ्याशी उभे होते. त्यांनी गाठ पाहिली. मग ते फळ्याकडे वळले, त्रिकोणाची राहिलेली रेघ ओढून पूर्ण केली आणि खडू खाली ठेवला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुपार होती. दार उघडं होतं आणि बाहेर आमची सगळी गल्ली रिकामी होती. शेजारच्या घरांना कुलपं. माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. साक्रीकराची ती ओरड समोरच्या भिंतीवर आपटून परत आली आणि आम्ही चौघांनीही दाराकडे पाहिलं.

मास्तर म्हणजे माझा नवरा. धुळ्याच्या हायस्कुलात शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. दरवर्षी मॅट्रिकला बसणारी एकदोन मुलं आमच्या घरी राहत, आमच्यात जेवत आणि सकाळ-संध्याकाळ मास्तरांपुढे बसत. खेड्यातली शेतकऱ्यांची मुलं. त्यांच्या घरी कुणी शाळेची पायरी चढलेलं नसे आणि त्यांना कॉलेजात जायचं असे. मॅट्रिक झाल्याशिवाय कॉलेजचं दार उघडत नव्हतं. मास्तरही तसेच खेड्यातून आलेले, त्यामुळे या मुलांवर त्यांचा जीव होता, पण तो त्यांनी कधी तोंडावर आणला नाही. ते फक्त शिकवायचे.

त्या वर्षी दोघं होते. एक साक्रीकडच्या खेड्यातला, एक जामनेरजवळच्या पहूरचा. आम्ही त्यांना गावावरूनच हाक मारायचो. साक्रीकर उंच, हडकुळा, कमी बोलणारा. डोंगराच्या कडेला त्यांची कोरडवाहू जमीन, आणि त्याच्या गावातला मॅट्रिकपर्यंत पोचलेला तो पहिलाच. पहूरकर गुबगुबीत, खाण्यापिण्याचा शौकीन, चेष्टेखोर. "अक्का, कळण्याची भाकर आणि ठेचा असेल तर मी भूमिती काय, कायपण पाठ करीन," म्हणायचा आणि करायचाही. फक्त सकाळी पाठ केलेलं तो संध्याकाळी विसरायचा.

त्या वेळी पाठांतर म्हणजे मोठ्यानं म्हणणं. मी चुलीपुढे बसले की दोघं उंबऱ्याशी येऊन प्रमेयं म्हणत. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण रोज कानावर पडून पडून चाल कळायला लागली, जसं शेजारणीच्या जात्याच्या घरघरीवरून ती ज्वारी दळते की उडीद ते कळतं. कुणी अडखळलं की मी मान वर करायची. प्रत्येक प्रमेयाच्या शेवटी 'क्यू ई डी' असं म्हणायचं असे. साक्रीकर ते पुटपुटायचा. पहूरकर ते जमिनीवर थाप मारून ओरडायचा, इतक्या जोरात की तव्यावरची भाकरी हलावी.

"याचा अर्थ काय रे?" मी एकदा विचारलं.

"म्हणजे सिद्ध झालं, अक्का. आता वाढा."

दसऱ्याच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात उंदीर पडला. चालत चालत आला, गोल फिरला आणि माझ्या डोळ्यांदेखत मेला. तोवर गल्लीत दोन घरी पडले होतेच. त्या काळात काय करायचं ते कुणाला सांगावं लागत नसे. दोन दिवसांत अख्खी गल्ली पांझरा नदीपलीकडच्या रानात गेली. कडब्याच्या, तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आमचीही एक झाली. हायस्कूल बंद झालं. परीक्षा मात्र बंद होणार नव्हती. ती दिवाळीनंतर, मुंबईला.

झोपडीत अभ्यास होईना. एका तट्ट्यापलीकडे बाळंतीण, दुसऱ्या तट्ट्यापलीकडे भांडणारे भाऊ. कोंबड्या पुस्तकांवरून चालत. वाऱ्यानं पानं उलटत. साक्रीकर बैलगाडीखाली जाऊन बसायचा, तिथं पोरं त्याला दगड मारून चिडवायची. पहूरकराला हे सगळं आवडत होतं. तो बाळंतिणीच्या सासूशी गप्पा मारून डिंकाचे लाडू खाऊन यायचा.

मास्तरांनी आठवडाभर हे पाहिलं. मग म्हणाले, "दिवसा आपण घरी जाऊन बसू."

"कुठल्या घरी?"

"आपल्या घरी. गल्लीत."

तेव्हा लोक असं मानत की प्लेगची हवा रात्री धरते, उन्हात काही होत नाही. दुकानदार दिवसा गावात जाऊन दुकानं बघून येत आणि अंधार पडायच्या आत परत येत. मास्तर शिकलेले होते, पण हे त्यांनी मानलं, कारण त्यांना ते सोयीचं होतं. घर फिनेलनं धुतलं होतं, भिंतींना चुना दिला होता, मेलेला उंदीर मी स्वतः चिमट्यानं उचलून रॉकेल ओतून जाळला होता. त्यांना वाटलं, आता काय राहिलं?

मग रोज सकाळी तिघं पूल ओलांडून गावात जायचे आणि दुपारी मी भाकरी घेऊन जायची. पेठ ओलांडून आत शिरलं की आवाज संपायचा. धुळ्याच्या गल्ल्या सरळ. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकापर्यंत दिसतं, आणि तिथपर्यंत कुणी नसायचं. माझ्या जोडव्यांचा आवाज मला ऐकू यायचा. अर्ध्या वाटेवर त्या दोघांचे आवाज लागायचे. आमचं घर दिसायच्या कितीतरी आधी भूमिती ऐकू यायची. सगळ्या गावात तेवढे दोनच आवाज. शेवटी पहूरकराचं 'क्यू ई डी' यायचं आणि मागोमाग समोरच्या भिंतीवरून 'डी' परत यायचा. पहिल्या दिवशी त्याला याची फार गंमत वाटली. "अक्का, तिसरा विद्यार्थी आला, त्यालाही भाकर आणा."

मास्तर खूश होते. मी त्यांना इतकं खूश फार कमी वेळा पाहिलं. "अशी शांतता अभ्यासाला मिळत नाही," म्हणाले. "मुंबईतल्या मुलांनाही मिळत नसेल."

याच सुमाराला प्लेगची लस टोचणारा डॉक्टर झोपड्यांवर आला. झाडाखाली टेबल मांडलं. आधी कुणी पुढे जाईना. बायका लांब उभ्या राहून बघत होत्या.

"म्हणे टोचल्यावर बाईला पोर होत नाही," एक म्हणाली.

"मग मला दोन्ही दंडांवर टोचा म्हणावं," शेजारच्या झोपडीतली म्हणाली. तिला पोरं इतकी होती की हाक मारताना नावं चुकायची. सगळ्या हसल्या आणि तीच पहिली पुढे गेली. तिच्यामागे मी गेले. दंड सुजला, दोन दिवस सणसणून ताप आला, मग उतरला.

ताप उतरल्यावर मी मास्तरांना म्हटलं, "डॉक्टर अजून आहे. तुम्ही आणि पोरं टोचून घ्या."

"टोचल्यावर ताप येतो."

"येतो. मला आला, गेला."

"तुला परीक्षा नाही," मास्तर म्हणाले.

त्यांच्या या बोलण्याला कारण होतं. मास्तर पहिल्या खेपेला मॅट्रिक नापास झाले होते. परीक्षेच्या तोंडावर हिवताप आला. थंडीनं कुडकुडत ते भूमितीच्या पेपराला बसले आणि त्यांना एक रेघ सरळ ओढता आली नाही. गावानं वर्गणी काढून धाडलं होतं. परत आले तेव्हा वर्षभर कुणी तोंडावर काही बोललं नाही आणि तेच त्यांना लागलं. तेव्हापासून परीक्षेच्या आधी ताप म्हणजे त्यांच्या लेखी मरण. खरं मरण त्यांना त्याच्यापुढे दिसलं नाही. परीक्षा झाली की टोचू, असं ठरलं. पोरांनी मान डोलावली. मास्तर म्हणतील ते.

झोपड्यांवर ज्यांना ज्यांना मॅट्रिकची परीक्षा नव्हती, ते बहुतेक सगळे टोचून घेऊन मोकळे झाले.

गाठ दिसली त्या दुपारी साक्रीकराला कुठे न्यायचं हा प्रश्न होता. झोपड्यांवर नेणं शक्यच नव्हतं. लोकांनी आम्हाला दगड मारून हाकललं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नसतं. मास्तर डॉक्टरला बोलावून आले. डॉक्टरनं उंबऱ्यात चपला काढल्या नाहीत, तसाच आत येऊन गाठ पाहिली, नाडी धरली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "जवसाचं पोटीस बांधा. पाणी पाजत राहा. आणि एक लक्षात ठेवा, याला उठू देऊ नका. बसूसुद्धा देऊ नका. यात हृदय कमजोर होतं. बरी होत आलेली माणसं उठून बसतात आणि तिथंच जातात."

दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या गाडीला निघायचं होतं.

मास्तर ओसरीवर बसून राहिले. मग पहूरकराला म्हणाले, "ट्रंक भर."

"मी थांबतो," पहूरकर म्हणाला. "मी नापास होणारच आहे, मास्तर. तिकडं जाऊन होण्यापरीस इथंच होतो."

"चल म्हणतो ना. एकाची तरी होऊ दे."

मग ते माझ्याकडे वळले. माझ्या दंडाकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "तू टोचलेली आहेस."

"आहे," मी म्हटलं. कुणीतरी राहायचं होतं आणि ती मी होते.

पहूरकर निघताना दारातून साक्रीकराला म्हणाला, "तुला पेपर आणून देतो रे. झोपल्या झोपल्या सोडव. तुझं काय, तू झोपेतही पास होशील." साक्रीकर हसायचा प्रयत्न करत होता. पहूरकर चालताना एक पाय किंचित ओढत होता का, हे मी नंतर पुष्कळ वेळा आठवून पाहिलं. मला तसं दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं ते आता दिसतं असं मी म्हणणार नाही.

ते गेले आणि त्या गल्लीत मी आणि साक्रीकर राहिलो.

शेजारची ती पोरांवाली रोज पुलापर्यंत येऊन दूध आणि पीठ ठेवून जायची. मी जाऊन आणायची. तेवढंच माणूस लांबून दिसायचं. ती तिकडून ओरडायची, "हाय का गं?" मी ओरडायची, "हाय." यात कुणाबद्दल विचारलं ते आम्हा दोघींना माहीत होतं.

साक्रीकराचा ताप उतरेना. गाठ वाढली. पोटीस बांधताना तो दात आवळायचा, पण ओरडायचा नाही. ओरड परत येते, हे त्याला सोसत नव्हतं. तापात त्याच्या डोक्यात एकच होतं, परीक्षेला उशीर होतोय. सकाळी ऊन खिडकीतून आलं की तो कोपरावर भार देऊन उठायला बघायचा.

"अक्का, घंटा झाली."

"नाही झाली. झोप."

"झाली. सगळे आत गेले. माझा नंबर..."

एका सकाळी मी चुलीवर दूध ठेवून आले तर त्यानं पाय खाली सोडले होते. मी धावत जाऊन त्याला दोन्ही खांद्यांनी दाबून आडवा केला. हडकुळा होता, पण तापात कुठून जोर आला कोण जाणे. तो मला ढकलत होता आणि मी त्याच्या छातीवर जवळजवळ पडून होते. त्याचं हृदय माझ्या हाताखाली पाखरासारखं फडफडत होतं, मधेच थांबायचं, परत फडफडायचं. आता जातो, मला वाटलं.

"परीक्षा इथंच आहे," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही. "यंदा प्लेग आहे ना, म्हणून झोपून द्यायची आहे. तोंडी. मी ऐकते. म्हण."

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. त्याला ते पटलं, कारण त्याला पटायलाच हवं होतं. त्यानं डोकं उशीवर टेकलं आणि पहिलं प्रमेय सुरू केलं.

तेव्हापासून दररोज सकाळी परीक्षा. तो उठायला लागला की मी म्हणायची, "म्हण." तो झोपून म्हणायचा. अडला की तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघायचा आणि त्याचा हात पुन्हा उठण्यासाठी चाचपडू लागायचा. मग मी पुढचे शब्द म्हणायची, जसे कानात बसले होते तसे. अर्थ मला तेव्हाही माहीत नव्हता, आजही नाही. चुकत असेन. पण तो धागा पकडून पुढे जायचा आणि पडून राहायचा. मला तेवढंच हवं होतं.

शेवटी तो 'क्यू ई डी' पुटपुटायचा. एकदा तो थोडा मोठ्यानं म्हणाला, आणि समोरच्या भिंतीवरून ते परत आलं. त्यानं डोळे मोठे केले.

"पहूरकर बाहेर म्हणतोय."

"भिंत आहे ती."

"नाही, त्याचाच आवाज. अक्का, त्याला आत घ्या. उन्हात उभा आहे."

मी दारात जाऊन पाहिलं. का पाहिलं, सांगता येत नाही. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. मी दार लावून घेतलं. साक्रीकर भिंतीकडे तोंड करून रडत होता, मी पहूरकराला बाहेर ठेवलं म्हणून.

पुढे लोकांनी हे ऐकल्यावर जोडून टाकलं की पहूरकर त्याच वेळी गेला. मी दिवस जुळवून पाहिले. जुळत नाहीत. मी भुतं मानत नाही. पण त्या गल्लीत मी पुन्हा कधी एकटी दुपारी उभी राहिले नाही.

गाठ फुटली. डॉक्टर येऊन साफ करून गेला आणि म्हणाला, "आता लढाई अर्धी झाली, पण उठवायचं नाही हं अजून." साक्रीकर झोपू लागला, खरी झोप. जागा झाला की पेज मागू लागला. भूमितीचं नाव काढेना. मीही काढलं नाही.

मास्तर ठरल्यापेक्षा बरेच उशिरा आले. सकाळची वेळ होती. मी ओसरी झाडत होते. गल्लीच्या टोकाला एक माणूस दिसला, एकटा, खांद्यावर ट्रंक. ट्रंक पहूरकराची होती. मी झाडू खाली ठेवला नाही. ते जवळ येईपर्यंत झाडतच राहिले.

त्यांनी ट्रंक ओसरीवर टेकवली. "हा?" त्यांनी आत मान करून विचारलं.

"आहे."

ते भिंतीला धरून खाली बसले आणि मग सांगितलं. पहिल्या दिवशी पहूरकरानं पेपर दिला. खुशीत होता, संध्याकाळी भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी जांघेत दुखतं म्हणाला. मास्तरांना कळलं, पण पहूरकर म्हणाला, एवढा भूमितीचा देऊन येतो, एवढा मला येतो. मास्तर त्याला हात धरून परीक्षेच्या जागेपर्यंत घेऊन गेले. ऐका, घेऊन गेले. त्यांनी माझ्यापासून हे लपवलं नाही. आत थोड्याच वेळात त्याच्या हातातली लेखणी पडली. मग दवाखाना. मास्तरांना आत सोडलं नाही. ते फाटकाबाहेर फुटपाथवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी एका नोकरानं बाहेर येऊन सांगितलं. जाळलंही तिकडेच.

येताना मास्तर धुळ्यासाठी चाळीसगावला उतरले नाहीत. पुढे पाचोऱ्याला गेले, तिथून बैलगाडीनं पहूरला. गावाबाहेर झोपड्याच होत्या तिथंही. पहूरकराचे वडील शेतात होते. मास्तरांनी बांधावर उभं राहून सांगितलं. वडील खाली बसले. बराच वेळ ढेकळं फोडत राहिले हातानं. मग त्यांनी विचारलं, "पेपर कसा गेलता?"

"चांगला," मास्तर म्हणाले.

एवढं सांगून झाल्यावर मास्तर आत गेले. साक्रीकर जागा होता. त्यानं मास्तरांच्या मागे पाहिलं, दाराकडे. मास्तरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या उशाशी ठेवला. पहिल्या दिवसाचा छापील पेपर होता, कडेला भज्यांच्या तेलाचा डाग. तो घेऊन पहूरकर स्वतः येणार होता. साक्रीकराला काही सांगावं लागलं नाही. त्यानं कागद उलगडला नाही. भिंतीकडे वळला.

थंडी सरत आली तेव्हा साक्रीकराची आई गाडी घेऊन आली. कोरडी, काळीसावळी बाई, पायात काही नाही. पोराचा निरोप तिला फार उशिरा मिळाला होता. त्यांचंही गाव रानात होतं. आत येऊन तिनं पोराच्या तोंडावरून, छातीवरून, काखेतल्या खड्ड्यावरून हात फिरवला, बैल विकत घेताना फिरवतात तसा, नीट, काही न सोडता.

मास्तर कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, "परीक्षा चुकली याची. पुढच्या साली बसवू."

"मास्तरभाऊ," ती म्हणाली, "मना पोऱ्या जित्ता शे. बठ्ठं व्हयनं आते."

पोर जिवंत आहे, त्यात सगळं आलं, असं तिचं म्हणणं. तिनं त्याला चालू दिलं नाही. गाडीवाल्यानं आणि मास्तरांनी उचलून गाडीत झोपवलं. तो पुन्हा परीक्षेला बसला नाही. पुस्तकं त्यानं आमच्याकडेच ठेवली आणि कधी मागितली नाहीत.

मास्तरांनी शिकवणं सोडलं नाही. पुढेही दरवर्षी मुलं आली. पण नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही. त्याला घेऊन डॉक्टरकडे. टोचायचं, ताप यायचा, उतरायचा, मग पहिला धडा. एका वर्षी एका मुलाचे वडील म्हणाले, प्लेग नाही तर टोचता कशाला, अभ्यास बुडतो. मास्तर म्हणाले, "मग घेऊन जा त्याला." ते घेऊन गेले.

आणि त्यांना शांत घर सोसेनासं झालं. मुलं अभ्यासाला बसली की मला म्हणायचे, "दळत बैस." दळायला काही नसलं तरी. मी रिकामं जातं ओढायची. पुढे गावात पिठाची गिरणी झाली, घरोघर जाती बंद पडली, आमचं पडलं नाही. मुलं कुरकुरायची की अक्का, आवाजात पाठ होत नाही. मास्तर त्यांना म्हणायचे, "आवाजात जे पाठ होतं तेच खरं." मुलांना खरं कारण मी कधी सांगितलं नाही. घरघर थांबली आणि एखाद्या मुलानं प्रमेय शेवटाला नेलं, की मास्तर डोकं थोडं वाकडं करून बसायचे, समोरच्या भिंतीकडून काही येतंय का ते ऐकत. मी लगेच खुंटा धरायची.

भूमितीची ती पुस्तकं नंतर बदलली. मुलं 'क्यू ई डी' म्हणेनाशी झाली. मला बरं वाटलं.

साक्रीकर दरवर्षी संक्रांतीनंतर एकदा येऊन जायचा. कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी डोंगरातला मध. डावा हात त्याचा खांद्याच्या वर गेला नाही कधी. ओसरीवर बसायचा, चहा घ्यायचा, पिकाचं बोलायचा. मास्तरांशी फारसं बोलणं नसे. एका वर्षी निघताना उंबऱ्यात थांबून मला म्हणाला, "अक्का, मला अजून सगळी पाठ आहेत. नांगर धरला की आपोआप येतात. मी थांबवतो, तरी येतात."

"म्हणू दे," मी म्हटलं. "झोपून म्हणत जाऊ नको, एवढंच."

तो हसला. त्याला ते आठवत होतं.

मास्तर म्हातारे होऊन, अंथरुणात पडून, दम्यानं गेले. त्यांच्या दहाव्याला साक्रीकर आला होता, केस पांढरे झालेले. त्या रिकाम्या गल्लीत आम्ही चौघं होतो. त्यातले आम्ही तिघं जगलो. साक्रीकर अजून आहे. मी आहे.